नळाचं पाणी प्यायला हरकत नाही

५ जानेवारी

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

मायना काय लिहावा यातच एक दिवस गेला. दुसरं काही सुचलं नाही, म्हणून जुनंच लिहिलं. खटकलं तर खोडून पुढे वाच.

वि. वि. तुझा पत्ता मला तुझ्या सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यात मिळाला. ती ऑक्टोबरात गेली. चार दिवस ताप आला, मग छातीत कफ झाला आणि संपलंच. तुला कुणी कळवलं की नाही, मला ठाऊक नाही. कळवलं नसेल तर असं पत्रातून कळतंय याचं फार वाईट वाटतं. डब्यात बटणांच्या खाली तुझी पत्रं होती आणि मुंगीचे चार फोटो, दर वाढदिवसाला एक. पत्रं मी वाचली नाहीत. फोटो मात्र पाहिले. आपल्याहून मोठी उशी ओढत घरभर फिरायची म्हणून मीच तिचं नाव मुंगी ठेवलं होतं. आता तिचे पुढचे दात नवे आलेले दिसतात.

आता कामाचं. आमच्या छापखान्यातल्या निवृत्त मंडळींची सहल यंदा मे महिन्यात परदेशी निघते आहे. तुमच्या राजधानीत दोन दिवस मुक्काम आहे. म्हणून काही गोष्टी विचारतो. थंडी कितपत असते? पाणी बाटलीचं प्यावं की कुठलंही चालतं? विमानतळावरून शहरात यायला ट्राम बरी की बस? आणि माझ्यासारख्या कानाने अधू माणसाचं रस्त्यात अडलं तर त्याने कुणाला गाठावं? फोनच केला असता, पण छत्तीस वर्षं छपाईच्या यंत्रापाशी उभं राहिल्यावर फोनवरचं काही धड समजत नाही.

तुला सवड असली, आणि मनाला पटलं, तर एखाद्या बागेतल्या बाकावर अर्धा तास मुंगीला बघेन. नसेल जमत तर राहिलं. माहिती मात्र कळव.

तुम्हा दोघींचं भलं चिंतणारा,
मुंगीचा आजोबा

*

२ फेब्रुवारी

श्री. आजोबांना,
सा. न. वि. वि.

आई गेल्याचं मला तुमच्या पत्रातूनच कळलं. ऑक्टोबरनंतर त्यांची पत्रं बंद झाली, तेव्हा मला वाटलं की त्यांनाही कुणीतरी लिहू नको म्हणून सांगितलं असेल. मी तीन महिने त्यांच्यावर रागावून होते. त्या नसताना रागावून होते, हे कुठे ठेवू ते कळत नाही.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं देते. मेपर्यंत इथे जाड कोट लागतो. ऑगस्टात दिवसा नुसत्या शर्टावर भागतं, पण संध्याकाळी स्वेटर हवाच. नळाचं पाणी प्यायला हरकत नाही. मी शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काम करते आणि ते रोज तपासूनच पुढे जातं, त्यामुळे ही माहिती पक्की समजा. विमानतळाच्या तळघरातून दर वीस मिनिटांनी आगगाडी सुटते. ती मोठ्या स्थानकावर आणून सोडते, तिथून ट्राम. तिकीट काढणं पुरेसं नाही, आत शिरल्यावर ते यंत्रात घालून शिक्का उमटवावा लागतो. नाहीतर तिकीट खिशात असूनही माणूस विनातिकीट ठरतो. इथे भलेभले त्यात फसतात. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं. रविवारी दुकानं बंद, सोमवारी संग्रहालयं बंद. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट आणि हातातल्या पिशवीत ठेवा. अडलंच तर आपला पत्ता कागदावर ठळक अक्षरात लिहून समोर धरावा. लोक हसून बोलत नाहीत, पण मदत करतात.

एक विचारू? सहलीच्या मंडळींना न्यायला विमानतळावर बस येते. मग तुम्हाला ट्राम कशाला हवी?

बाकाचं अजून ठरलेलं नाही. मुंगीला मी काही बोललेले नाही.

तुमची एके काळची सून

*

२० फेब्रुवारी

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

पकडलंस. सहलबिहल काही नाही. आमच्या निवृत्त मंडळींपैकी दोघांचे गुडघे गेलेत आणि तिसऱ्याला बायको बाजारापलीकडे सोडत नाही. मी एकटाच यायचं म्हणत होतो. नुसतं भेटायला येतो म्हटलं तर तू पत्र फाडशील, असं वाटलं.

तुझ्या सासूबाईंवर रागावलीस त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. ती माझ्यावर चाळीस वर्षं रागावलेली होती आणि तरी रोज दोन वेळा जेवायला वाढायची.

आता जे लिहितो ते लिहायला मला चार वर्षं लागली. त्या दिवशी घरातली वडीलधारी मंडळी बसली होती. माझा मुलगा म्हणाला की मी हिला बोटही लावलेलं नाही. तेव्हा तू माझ्याकडे वळलीस आणि विचारलंस की बाबा, तुमची खोली भिंतीला लागून आहे, तुम्ही तर ऐकलंत ना. मी कानाला हात लावला आणि म्हणालो, मला काही ऐकू येत नाही गं. सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हातारा बहिरा आहे हे जगजाहीर होतं.

सूनबाई, मला ऐकू आलं होतं. त्याचा आवाज चढलेला, तू कपाटावर आपटलेली, आणि नंतर तू मुंगीला काही झालं नाही, काही झालं नाही असं सांगत होतीस, तेसुद्धा. एकदा नाही, बऱ्याचदा. म्हातारपणी मुलाच्या विरुद्ध कुठे जायचं, हा माझा हिशेब. तू खोटी ठरलीस आणि मी बहिरा ठरलो. दोन्ही माझ्यामुळे.

माफी मागायला हे लिहिलेलं नाही. माफ करायचं की नाही हे तुझं तू ठरव. पण बाकावर बसून मुंगीकडे बघायचं, तर हे पोटात ठेवून बसवणार नाही.

तुझा अपराधी,
मुंगीचा आजोबा

*

२९ मार्च

आजोबांना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तीन आठवडे माझ्या कामाच्या टेबलाच्या खणात होतं. रोज खण उघडायचे आणि बंद करायचे. माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंनी एकदा विचारलं की या खणात साप आहे का.

मला माहीत होतं. तुम्ही हात लावलात तो डाव्या कानाला. तुमचा उजवा कान तेव्हा इतका तयार होता की स्वयंपाकघरात दूध उतू जायला लागलं की तुम्ही पुढच्या खोलीतून मला हाक मारायचात. त्या बैठकीतला तो हात मला मारापेक्षा जास्त लागला. त्याच्याकडून मला काही अपेक्षा उरलीच नव्हती. तुमच्याकडून होती.

आईंनाही माहीत होतं. त्यांनी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं की तू गेल्यापासून हे खरंच बहिऱ्यासारखे वागतात, मी दहादा हाक मारावी तेव्हा मान वर करतात. त्यांनी तुमची बाजू घेतली नाही आणि तुम्हाला टाकूनही बोलल्या नाहीत. कशा राहिल्या असतील, देव जाणे.

तुम्ही खरं लिहिलंत, याचं मोल मला आहे. पण ते तुम्ही मला लिहिलंत, आणि मला ते आधीच ठाऊक होतं. ज्याला सांगायला हवं त्याला सांगा. तुमच्या मुलासमोर बसून हेच वाक्य म्हणा की मला ऐकू आलं होतं. त्यानंतर मला कळवा. मग व्हिसासाठी निमंत्रणाचं पत्र मी पाठवीन. व्हिसाला सहा आठवडे लागतात, तेव्हा मे विसरा, ऑगस्ट धरा.

हे तुम्हाला जड जाईल हे मला कळतं.

मुंगीची आई

*

१६ एप्रिल

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

सांगून आलो.

रविवारी त्याच्या घरी गेलो. दोन गावं सोडून राहतो. दुसरं लग्न केलं ते तुला ठाऊक असेल. चहा झाला, हवापाण्याचं झालं. मग मी म्हणालो की त्या दिवशी मी खोटं बोललो, मला सगळं ऐकू आलं होतं. तो म्हणाला की बाबा, तुमचं वय झालं, तुम्हाला आठवण नीट राहत नाही. मी म्हणालो की कान गेलेत, डोकं शाबूत आहे. त्यावर त्याने टीव्ही लावला. मी दहा मिनिटं तसाच बसलो आणि उठलो. तो दारापर्यंत आला नाही.

त्याची बायको मला बसथांब्यापर्यंत सोडायला आली. बस दिसायला लागल्यावर तिने विचारलं की तुम्हाला नेमकं काय ऐकू आलं होतं. मी सगळं सांगितलं. बस गेली, दुसरी येईपर्यंत आम्ही उभे होतो. मी तिला सांगितलं की माझ्या घराला एकच कुलूप आहे, त्याची दुसरी किल्ली तुझ्याकडे राहू दे, आणि तुला कुणी विचारलं तर या वेळी मला ऐकू येईल. तिने किल्ली घेतली.

घरी आलो आणि सरळ झोपलो. बरं वाटेल असं वाटलं होतं, पण तसं काही वाटलं नाही. मुलगाच आहे तो, मीच लहानाचा मोठा केलेला. पण दुसऱ्या दिवशी भूक लागली.

तू बोलावलं नाहीस तरी हे सांगितलं याचा मला पस्तावा नाही.

तुझा,
मुंगीचा आजोबा

*

४ मे

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि या वेळी खणात ठेवलं नाही. निमंत्रणाचं पत्र सोबत आहे. त्यावर नातं या रकान्यात काय लिहावं, असा प्रश्न पडला. कचेरीतल्या कारकुनीण बाईंना मी सगळी कुळकथा सांगायला लागले, तर त्यांनी मला थांबवून विचारलं की ते मुलीचे आजोबा आहेत ना, मग तेवढंच लिहा. लिहिलं.

त्या थांब्यावरच्या मुलीला माझा पत्ता द्या. तिला लिहावंसं वाटेल किंवा वाटणार नाही, पण जवळ असू दे.

आता नीट वाचा, कारण तुम्ही सामान बांधताना ऐकत नाही हे आई लिहायच्या. विमा उतरवल्याशिवाय व्हिसा मिळत नाही, तो आधी काढा. पासपोर्टची एक प्रत वेगळ्या पिशवीत ठेवा. इथल्या भिंतीतल्या प्लगची भोकं वेगळी असतात, पण जोड माझ्याकडे आहे, तुम्ही आणू नका. बूट मात्र पायात रुळलेले आणा. इथले रस्ते दगडी आहेत, नवे बूट घालून आलेला पाहुणा दुसऱ्या दिवशी खोलीत बसतो. विमानातून उतरल्यावर दोन रांगा दिसतील, परदेशी लोकांची डावीकडची. अधिकारी विचारेल की कशासाठी आलात. तुम्हाला ऐकू गेलं नाही तर निमंत्रणाचा कागद पुढे करा, उगाच अंदाजाने हो म्हणू नका. बाहेर टॅक्सीवाले गळ्यात पडतील, त्यांच्याकडे बघूही नका. आम्ही दोघी कठड्यापाशी उभ्या असू. आमच्या गाडीला उशीर झाला आणि आम्ही दिसलो नाही, तर माहितीच्या खिडकीजवळ बसा आणि तिथून हलू नका.

दोन दिवसांत काही होत नाही, तीन आठवड्यांचं तिकीट काढा. पुढच्या खोलीतला कोच उघडला की पलंग होतो, फक्त मधे एक स्प्रिंग टोचते. भिंतीच्या बाजूला झोपलं की टोचत नाही.

मुंगीला सांगितलं. तिने फोटो मागितला, तो मी तुमच्या छापखान्याच्या निरोपसमारंभातला दिला. ती म्हणते की आजोबांच्या बोटांना शाई लागलेली आहे, ती निघते का ते विचार.

कळावे. वाट बघतो आहोत, तेव्हा तब्येतीला जपून असावे.

तुमची सून

*

३० ऑगस्ट

चि. सूनबाईस व चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. घर बंद राहिल्याने कुबट वास येत होता, दिवसभर खिडक्या उघड्या टाकल्या. शेजाऱ्यांना वाटतं मी परदेशातून काहीतरी भारी सांगेन. मी त्यांना ट्रामच्या तिकिटावरचा शिक्का दाखवतो.

तिकडे असताना तोंडाने बोलता आलं नाही, म्हणून लिहितो. विमानतळावर तुला बघितलं तेव्हा मला पाठमोरं होऊन परत विमानात बसावंसं वाटलं होतं. तू वाकून नमस्कार करायला लागलीस, मी नको नको म्हणत मागे झालो आणि दोघांची डोकी एकमेकांवर आदळली. ती आदळली नसती तर आपण दोघं तिथे रडत बसलो असतो. तू तिथल्या तिथे मला खोबरेल आहे का विचारलंस, आणि मला कळलं की आता निभावेल.

कोचाची स्प्रिंग भिंतीच्या बाजूलाही टोचते. तुझी माहिती तेवढी एक चुकली. मी तीन आठवडे बोललो नाही, कारण सकाळी तू चहा देताना झोप लागली का विचारायचीस, आणि मला लागलेली असायचीच.

आणखी एक गोष्ट आहे, ती तुला ठाऊक नाही. शेवटच्या रविवारी आपण नदीवरून परत येत होतो. ट्राममध्ये गर्दी होती आणि तू तिकिटांवर शिक्के उमटवायला पुढे गेलीस. तेव्हा मुंगी माझ्या मांडीवर चढली आणि कानाशी तोंड आणून तिने विचारलं की तुम्ही इतकी वर्षं का आला नाहीत. मुलांना काय सांगायचं ते तूच ठरवशील, म्हणून मी फार काही सांगितलं नाही. एवढंच म्हणालो की मला भीती वाटत होती. तिने विचारलं, विमानाची का. मी म्हणालो नाही, तुझ्या आईची. तिने थोडा विचार केला. मग माझ्या गालावर हात ठेवून मला समजावलं की आईची भीती पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटते, तिलाही वाटते, पण आपण खरं सांगून टाकलं की आई जवळ घेते.

लोभ मधे तुटला होता, तो तुम्ही दोघींनी जोडून दिला आहे. मी असेन तोवर जपेन.

तुमचा,
आजोबा