हळहळ टूर्स

११ जानेवारी २०१८, लोणार

आज परत गाड्या आल्या. थेट धम्मशीलाच्या दारात!

अळी लागणार नाही म्हणून बीटी कापसाचं बियाणं पेरलं, आणि नेमकी अळीच लागली. गुलाबी. दिवाळीनंतर तिच्या नवऱ्यानं, धम्मरत्ननं, जीव दिला. तेव्हापासून माझ्या मैत्रिणीचं घर म्हणजे व्ह्यू पॉइंट झालंय. लोक आधी सरोवर बघतात, मग विधवा बघतात. जाताना चिप्सची पाकिटं इथेच टाकून जातात.

दरवेळी तेच — "ताई, जरा फोटो हातात धरून उंबऱ्यात उभ्या राहता का?" उंबऱ्यातच का, तर तिथे उजेड चांगला येतो!

१३ जानेवारी

आज त्याच गाड्यांमधल्या एक बाई आमच्या फ्लेक्स-छपाईच्या दुकानात. पुण्याच्या आपटे मॅडम. 'मृद्‌गंध सहली' नावाची त्यांची कंपनी आहे. शहरातल्या लोकांना 'खरा ग्रामीण भारत' दाखवतात म्हणे. त्यांना ब्रोशर हवंय, आणि ते स्थानिक कलाकाराकडूनच. अब्बांनी लगेच मला पुढे केलं.

सकाळी सरोवर. दुपारी पिठलं-भाकरी. चार वाजता 'शेतकरी कुटुंबाशी हृद्य संवाद'.

हृद्य!! मी मान खाली घालून लिहून घेतलं. पेनाचं टोक मोडायचंच बाकी होतं.

मुखपृष्ठावर धम्मशीला. उंबऱ्यात, हातात फ्रेम. मॅडम फोटो बघत म्हणाल्या, "गृहस्थ किती रुबाबदार होते ना. कोट काय शोभतोय!" अहो, तो कोट त्याला मी घातलाय! श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी त्यांच्या लग्नाच्या फोटोतून धम्मरत्नला कापून काढलं, आणि गेलेल्या प्रत्येक माणसाला आमच्या दुकानात जो कोट चढवतात तोच कम्प्युटरवर चढवला. जिवंतपणी त्याच्या अंगाला कोट कधी लागला नाही. त्याच्या खांद्यावर धम्मशीलाचा हात होता, तोही मीच खोडला. खोडायला फार वेळ लागला होता.

१४ जानेवारी

धम्मशीलाला सांगितलं. तिला काहीच माहीत नव्हतं! फोटो काढताना कोणी बोललंच नव्हतं की हे छापणार म्हणून.

"मले नाई पायजे," ती म्हणाली. आणि मग, "माह्यी पोरगी उद्या कॉलेजात जाईन. तिले कोणी म्हणीन, तुही माय त्या कागदावर पाह्यली."

अब्बांना म्हटलं, हे काम करायचं नाही. अब्बा म्हणाले, "बेटा, तू मना करेगी तो वो पुणे में छपवा लेगी. इधर है तो कम से कम तेरे हाथ में तो है." बरोबर आहे त्यांचं. म्हणून आणखी राग आला.

१६ जानेवारी

ब्रोशर करायला बसले आणि हात आपोआप दुसरीकडेच गेला.

कंपनीचं नाव : हळहळ टूर्स.

बोधचिन्ह : गुलाबी बोंडअळी. डोळ्याला गॉगल, गळ्यात कॅमेरा, बोंडावर तंगड्या पसरून बसलेली. अळीला एवढ्या लांब तंगड्या नसतात, मी दिल्या. गाडीतून उतरायला लागतात.

ब्रीदवाक्य : पाहा, हळहळा, परत फिरा!

रंग : अळीचा गुलाबी, रुमालाचा पांढरा.

साधी सहल — एक विधवा, एक चहा. खास सहल — विधवा, सासू आणि रडणारं लेकरू. टीप : विधवा न रडल्यास शेजारच्या घरी मोफत नेण्यात येईल. उंबऱ्यात उजेडाची सोय आहे.

करताना इतकी हसले की अब्बा आतून बघायला आले. मग हसू कधी थांबलं आणि रडू कधी आलं, कळलं नाही. अब्बा परत आत गेले.

१९ जानेवारी

धम्मशीलाला दाखवावं की नाही? घाबरत घाबरत दाखवलं. तिनं सगळं नीट वाचलं. विधवा न रडल्यास — तिथे आली आणि फिसकन् हसली. दिवाळीनंतर पहिल्यांदा! "अलफिया, काय बनवलं वं हे! कॅमेऱ्याची अळी!"

मग दुकानातूनच तिनं मॅडमना फोन लावला. मी शेजारी होते, पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. "अगं, तुझी गोष्ट जगापर्यंत पोचायला हवी! किती धीराची आहेस तू." हिचं 'नाही' त्यांच्या कानापर्यंत गेलंच नाही. शेवटी, "पुण्याला आलीस की घरी नक्की ये हं!" आणि फोन बंद.

मी दोन वर्षं पुण्यात शिकले. ते 'नक्की ये' किती नक्की असतं ते मला ठाऊक आहे. तसं मी म्हटलं, तर धम्मशीला म्हणते, "बोलावलं तं हाये ना? मंग जाऊ."

"जाऊन काय करशील?"

"ते करते तेच. हॉलात बसीन. विचारीन — ताई, रातच्याले झोप लागते का? घरातलं कोण गेलं, कसं गेलं, सांगा ना. मंग म्हणीन, उभ्या राहा उंबऱ्यात. तू मले बिल्ले बनवून दे. हळहळ टूर्सचे."

दिले बनवून. गुलाबी. गळ्यात अडकवायच्या फितीसकट! माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम आहे ते.

२३ जानेवारी

धम्मशीला आणि तिची सासू कलाबाई पुण्याच्या गाडीत बसल्या. कलाबाईंच्या हातात पिशवी. म्हटलं, यात काय? "जवसाची चटणी. कोनाच्या घरी रिकाम्या हातानं जातात का?"

मी चिडले! भांडायला चाललात की पाहुणचाराला? म्हातारी म्हणाली, "भांडू ना. पन चटनी देऊन भांडू."

धम्मशीलानं माझा मोबाइल मागून घेतला. त्याचा कॅमेरा चांगला आहे. म्हणाली, "असा फोटो काढते, पाह्य तू."

२४ जानेवारी

दिवसभर वाट पाहिली. फोन नाही. ब्रोशरची फाइल तशीच उघडी.

दुपारी आपटे मॅडमचा मेल. "ब्रोशर छापू नका." खाली काही नाही. जिंकलो! अब्बांना ओरडून सांगितलं. काय तोंड झालं असेल बाईंचं! कधी एकदा तो फोटो बघते असं झालंय.

२५ जानेवारी

धम्मशीला आली. मोबाइल परत दिला. त्यात एकही फोटो नाही. बिल्ले पिशवीतून काढलेच नाहीत.

मॅडमच्या हॉलमध्ये एका तरुण पोराचा फोटो आहे. हार घातलेला. या दोघी त्याच्यासमोरच बसल्या, चहा प्यायल्या, चटणी दिली आणि उठल्या. निघताना मॅडमच म्हणाल्या, "तुम्ही याच्याबद्दल काहीच विचारलं नाहीत."

कलाबाई म्हणाल्या, "तुमी सांगतलं नाई बाई. आमी कशे विचारू?"