दोन लिप्या, एक उंची

२ मार्च १९९८
यशवंतपूरच्या आमच्या मराठी मंडळाची दोन भाषांतली वेबसाइट माझ्याकडे आली. अध्यक्ष संताजीअण्णा म्हणाले, पाडव्याला उघडून दाखवा, मग सेक्रेटरी तुम्हीच, सरी? मीही इथल्या कन्नडात म्हटलं, सरी, ठीक आहे. कारखान्यात वीस वर्षांत मला कुणी कँटीन कमिटीवरसुद्धा घेतलं नाही. आता बघा म्हणावं.

५ मार्च
ओळखीच्या प्रेसमधून फ्लॉपीवर मराठी आणि कन्नड फॉन्ट आणले. मराठीचा लग्नपत्रिकेचा आहे. भारदस्त दिसतो. इंग्लिशकडे लक्ष द्यायला वेळ नाही.

८ मार्च
घोळ. अण्णा घरी येऊन बघून गेले. म्हणाले, कन्नड स्वल्प बारीक दिसतंय. वाढवावं तर आपले लोक रुसणार. फार नाजूक मामला.

९ मार्च
कारखान्यातून व्हर्नियर कॅलिपर आणला. मॉनिटरच्या काचेला लावून दोन्ही लिप्या मोजल्या. वेलांटी धरायची की नाही, यात संध्याकाळ गेली. वसुमतीने मध्येच विचारलं, जेवायला वाढू का. बायकोला या कामातला ताण कळत नाही.

१४ मार्च
जितेंद्रचा फोन. पुण्याहून नुकताच आलेला सॉफ्टवेअरवाला. म्हणे, काका, तुमचे फॉन्ट दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरवर नसणार, तिथे डिफॉल्ट, म्हणजे त्यांचे आधीचे इंग्लिश फॉन्ट येतील. म्हटलं, मी ठरवलेत तेच डिफॉल्ट. बरं काका, म्हणून त्याने फोन ठेवला. नवी मुलं पटकन निरुत्तर होतात.

१९ मार्च
अमेरिकेतल्या पुतण्याला, अद्वैतला, साइट बघायला सांगितली होती. ईमेल आला: काका, काहीच वाचता येत नाही. दोन वर्षांत मराठी विसरला. फार वाईट वाटलं.

२३ मार्च
वसुमती म्हणते, मंडळाच्या कॉम्प्युटरवर एकदा बघून या. बनशंकरीहून यशवंतपूरला दोन बस. इथे सुरेख दिसतंय, तिथे काय वेगळं दिसणार? त्यापेक्षा भाषण पाठ केलं.

२८ मार्च, पाडवा
मंडळाच्या कॉम्प्युटरवर साइट उघडली. पडद्यावर इंग्लिश अक्षरांचा खिचडा. मध्ये कंस, टक्के, डॉलर. मराठी मंडळींना वाटलं, हे इंग्लिश अक्षरांत लिहिलेलं कन्नड असणार. कन्नड पाहुण्यांना वाटलं, मराठी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी भाषण रेटलं. मग एका पाहुण्यांनी अण्णांना विचारलं, आमचं कन्नड कधी येणार? मी तेच पान पुन्हा पुन्हा उघडून बघितलं.
वसुमती उठली, फळ्यावर खडूने दोन्ही भाषांत स्वागत लिहिलं. कन्नड इतकं वळणदार की पाहुणे उभे राहिले. ती कन्नड लिहायला कधी शिकली, मला पत्ता नाही. म्हणे, शेजारच्या अक्कांकडे, दुपारी, बारा वर्षं झाली. अण्णांनी तिथेच तिला सेक्रेटरी केलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, दुसरं काय करणार.

२९ मार्च
नव्या सेक्रेटरींची पहिली मीटिंग आमच्याच घरच्या हॉलमध्ये. चहा माझ्याकडे. मी विचारलं, मीही बसू का मीटिंगला? म्हणाली, थांबा, अण्णांना विचारून सांगते.