शाल, जिलेबी आणि टोकन

१२ सप्टें., शुक्र.
पंधरवड्याचा रिव्ह्यू. म्हणजे आमच्या धुळ्याच्या हापिसात सत्कार समारंभ. नरडाण्याहून कापसाच्या जिनिंगचे मालक आबा आले; त्यांच्या गेटवर गाड्यांना नंबराचं टोकन देणारं अ‍ॅप आम्ही बनवतोय. लॅपटॉप उघडायच्या आत साहेबांनी शाल-श्रीफळ काढलं, पाठोपाठ जिलेबी. शाल खांद्यावर पडली की माणूस चुका काढत नाही, एवढी एकच अक्कल साहेबांना आहे.
डेमो हापिसच्या वायफायवर. खोट्या चार गाड्या गेटवर आल्या, टोकनं निघाली. आबा "छान, छान." टाळ्या. कसल्या?

१७ सप्टें., बुध.
एकटीच एसटीने नरडाण्याला जाऊन आले. जिनिंगच्या गेटवर नेट येतं-जातं. गेलं की टोकन देणारे दोन फोन दोन गाड्यांना एकच नंबर देतात. डोळ्यांनी पाहिलं. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग हायवेपर्यंत. एका नंबरच्या दोन गाड्या म्हणजे हाणामारी ठरलेली.
सा.ना सांगितलं. म्हणे, "रिव्ह्यूत हे काढू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची."
अहो, ती मूठ गेटवर उघडणार आणि कुणाच्या तरी पाठीत बसणार. ज्याचं काम त्यालाच दाखवायचं नसेल तर रिव्ह्यू कशाला? हळदीकुंकू करा.

२६ सप्टें., शुक्र.
पुन्हा शाल. आबांनी विचारलंच, "नेट गयं तं मंग काय व्हई?" मी तोंड उघडलं, तेवढ्यात सा. "आबा, जिलेबी गार होतेय." आबा लगेच जिलेबीकडे. अख्ख्या तालुक्याचा कापूस पारखून घेणारा माणूस, आणि उत्तर न घेता खातो! दोघांचीही चीड येते.
ठरलं. पुढच्या वेळी नेट बंद करूनच दाखवणार. नोकरी गेली तर गेली.

१० ऑक्टो., शुक्र.
शेवटचा रिव्ह्यू. दिवाळी पाडव्याला कापूस खरेदीचा मुहूर्त, मग गेटवर हेच चालणार. वायफाय बंद करायला हात नेला आणि सा. माइकवर (एवढ्याशा खोलीत माइक!), "आता आपल्या ताईंचा सत्कार, आबांच्या हस्ते."
शाल. हातात नारळ. फोटो. आबा म्हणाले, "मनी पोर सारखी शे." मी आबांची लेक झाले म्हणून सगळे हसले. मी म्हणाले, "धन्यवाद."
एवढंच. वायफाय चालूच राहिलं.
थू माझ्यावर.

११ ऑक्टो., शनि.
सकाळी हापिसात आबांचा फोन. "पोरी, तू काल काहीतरी सांगनार व्हती. साहेबसमोर नही इचारं. आते सांग, बठ्ठं बराबर शे ना?"
म्हणजे म्हाताऱ्याला कळत होतं. जिलेबी खातानासुद्धा.
"आबा, मुहूर्ताच्या आधी..." म्हटलं, तर सा. दारात उभे. "नंतर करते," म्हणून ठेवला.
"कोणाचा फोन?"
"घरचा."
दुपार झाली. शाल खुर्चीच्या पाठीवर आहे. आबांचा परत मिस्ड कॉल.