पाच बुधले समुद्र

२ डिसेंबर १९६१, शनिवार

समुद्र आला! पाच बुधले भरून आला. मुंबईहून मुर्तिजापूर, तिथून छोट्या गाडीने यवतमाळ, आणि यवतमाळहून घाटंजीपर्यंत एस.टी.च्या टपावर.

कंडक्टर म्हणाला, "शास्त्रीजी, बुधल्यात काय हाय जी?" म्हटलं, "समुद्र." "मंग त्याले फुल तिकीट लागन." वर्षातून एखादाच माणूस माझ्यावर कडी करतो, आणि तोसुद्धा नेमका मला उतरायची घाई असताना!

हा सगळा खटाटोप अनूचा. आमच्या कन्येने शाळेत विज्ञान शिकवायला घेतल्याला सहा महिने झाले. विज्ञान शिकवणारी या शाळेतली ती पहिली बाई. सातवीला समुद्राचं चित्र काढायला सांगितलं, तर एकूण एक समुद्राला पलीकडचा काठ निघाला. काहींच्या काठावर पळसही होता. दोन दिवसांनी तिने मुंबईच्या आपल्या कॉलेजातल्या सरांना पत्र टाकलं — समुद्र पाठवा!

मुलांना मी हसलो नाही. पाठशाळेत सात समुद्र मला मुखोद्गत होते — मिठाचा, उसाचा, मद्याचा, तुपाचा, दह्याचा, दुधाचा आणि गोड्या पाण्याचा. पाहिलेला एकही नाही.

५ डिसेंबर

विज्ञानाच्या खोलीत काचेची पेटी मांडली. तळाला समुद्राची वाळू, वर समुद्र. चार शिंपले. बस. मी विचारलं, "मासे?" अनू म्हणाली, "पाणी तयार नाही." म्हटलं, अगं, समुद्राचंच पाणी आहे, ते आणखी कशाला तयार व्हायचं? म्हणते, "समुद्रात ते तयार होतं, नाना. इथे आता ते नुसतं खारं पाणी आहे. माशांची घाण पचवणारे जंतू वाळूत वाढावे लागतात. ते वाढले की घर झालं."

मनूला ओंजळीत मासा सापडला तेव्हा त्याने तो सरळ कमंडलूत टाकला. कमंडलू तयार आहे का, असं त्याला कोणी विचारलं नाही. तेही ऐकवलं. "म्हणून तर बिचाऱ्याला सारखं भांडं बदलावं लागलं," इति कन्या.

संध्याकाळी बंजाऱ्यांच्या तांड्यावरचे फुलसिंग नाईक आले. वय पंचाहत्तर, मिशा अजून चाळिशीतल्या. त्यांचे आजे बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून थेट समुद्राकाठून इकडे आणायचे. बोट बुडवून चाटलं. डोळे मिटले. "हेच," म्हणाले. "महाराज, आज्याच्या गोनीले अशीच चव होती." गोणी त्यांच्या घरात अजून आहे. लहानपणी ते ती चाटायचे म्हणे!

९ डिसेंबर

पाण्याचा खारटपणा मोजायला यंत्र हवं होतं. नाही मिळालं. अनूने दूध तपासणाऱ्या साहेबाची नळी मागून आणली — दुधात पाणी किती, ते सांगणारी. समुद्रात सोडली तर पंचवीसवर उभी! म्हणजे थोडंसं पाणी घातलेलं दूध.

क्षीरसागराला सरकारी पुरावा मिळाला. आज जेवण दोन घास जास्त गेलं.

१९ डिसेंबर

वास! अनूने बाजारातून सुका झिंगा आणून चिमूटभर पाण्यात टाकला. जंतूंना खायला हवं म्हणे. शाळेचा शिपाई मारोतराव नाकाला उपरणं लावून घंटा देतो. हेडमास्तर आपली खुर्ची व्हरांड्यात घेऊन गेले.

रोज सकाळी ती काचेच्या नळीत थोडं पाणी घेते, त्यात कसलंसं औषध घालते. नळी पिवळी होते. पिवळी म्हणजे विष. "पिवळं आहे तोवर मासा नाही."

रोज विचारतो. रोज पिवळं.

३ जानेवारी १९६२

पिवळं.

१२ जानेवारी, शुक्रवार

पिवळं गेलं! सकाळी मारोतराव धावत घरी आला — "शास्त्रीजी, साफ पांढरं झालं! मी सोत्ता पाह्यलं!" मीही जाऊन पाहिलं. नळी स्वच्छ. अनू वर्गावर होती.

बाजारपेठेत विठ्ठलराव भेटले. शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. अनूची नेमणूक या वर्षापुरती आहे, आणि ती कायम करणं त्यांच्या हातात. मला राहवलं नाही. म्हटलं, भाऊसाहेब, पाणी तयार! ते म्हणाले, "मंग सव्वीस जानेवारीलेच सोडू मासे! कायले थांबाचं?" आणि माझ्यादेखत पोस्टात जाऊन मुंबईला माशांसाठी तार केली. कर्ता माणूस आहे.

१३ जानेवारी

घरात अबोला. अनूचा माझ्याशी.

संध्याकाळी ती मला शाळेत घेऊन गेली. दुसऱ्या बाटलीतलं दुसरं औषध नळीत घातलं. पाणी गुलाबी झालं. नव्या नवरीच्या नखासारखं गुलाबी.

"पहिलं विष गेलं, त्याचं दुसरं झालंय. हेही तितकंच मारतं. दुसऱ्या जातीचे जंतू ते खातील, पण त्यांना वेळ लागतो. नाना, मला विचारलंत का?"

नाही विचारलं. पन्नाशी उलटून गेलेल्या माणसाने शेवटच्या बाकावरच्या मुलासारखं खाली पाहिलं. ती म्हणाली, "जाईलही सव्वीसपर्यंत. सांगता येत नाही." हे तिने माझ्यासाठी म्हटलं. तिला सांगता येत होतं.

२४ जानेवारी, बुधवार

नागपूरच्या पेपरला बातमी टाकली. एकवीस वर्षं मी या तालुक्याचा वार्ताहर आहे, आणि समारंभाची बातमी आधीच भूतकाळात लिहून टपालात टाकतो. थांबलो तर ती शिळी होऊन छापली जाते. "काचपेटीत समुद्री मासे सोडण्याचा समारंभ उत्साहात पार पडला." घाटंजीत सगळेच समारंभ उत्साहात पार पडतात. एकवीस वर्षांत मला कोणी खोटं पाडलेलं नाही.

नळी अजून गुलाबी. पण दोन दिवस आहेत.

२५ जानेवारी

मासे आले. डब्यात सहा निघाले, एक मेलेला. बोटभर लांब, चांदीसारखे, अंगावर काळे पट्टे. नळी काल होती त्याहून गडद.

अनूने सौ.च्या लोणच्याच्या तीन चिनी बरण्या उतरवल्या, धुतल्या, पुन्हा धुतल्या, उन्हात ठेवल्या. पाचांतले दोन बुधले तिने पेटीत घातलेच नव्हते, राखून ठेवले होते. ते पाणी बरण्यांत, मासे त्या पाण्यात. सौ. म्हणाली, "आणि आंब्याच्या दिवसांत मी लोणचं कशात घालू?" मग स्वतःच बरण्यांवर स्वच्छ फडकी बांधली.

२६ जानेवारी, शुक्रवार

सगळं लिहून ठेवतो.

झेंडावंदन झालं. पेटीला हार. मांडवात पाचेकशे माणसं, तांड्यावरच्या बायाही आलेल्या. विठ्ठलराव उठले. "हं बाई, सोडा मासे."

अनू म्हणाली, "आज नाही सोडता येणार. पाणी तयार नाही."

"लोकं चार-चार कोसावरून आले बाई!"

"सोडले तर उद्यापर्यंत मरतील."

"आज तं नाही मरत ना?"

मांडव हसला. मीही हसलो असतो, पण ‘पाणी तयार’ हे त्यांना मीच सांगितलं होतं. हेडमास्तर तिच्या कानाशी काही पुटपुटले. मला एवढंच ऐकू आलं — "...नेमणुकीचा विचार करा." हातातली नळी तिने वर धरली, सगळ्यांना दिसेल अशी. "हा रंग जाईल त्या दिवशी सोडीन. त्याआधी कोणी सांगितलं तरी नाही."

मागून फुलसिंग उठले. काठी आपटत पुढे आले. "भाऊसायेब, मी सांगू का जी? आमचा आजा मीठ लादून लदेनीवर जाये. शंभर-शंभर बैल. नवं पानी दिसलं का बैल नोहता सोडत. पहिले पालथा पडून पाहे — पान्यात किडा हाय का, बेडकी हाय का. काही जितं असन तं बैल पेतीन. नितळ हाय अन् जितं काही नाही, तं किती तहान असो, पुढे हाका! एका नाईकानं ऐकलं नाही, त्याचे चाळीस बैल एका रातीत गेले." पेटीच्या काचेला नाक लावून त्यांनी बराच वेळ पाहिलं. "याच्यात अजून काही जितं नाही. पोरगी बरोबर म्हनून राह्यली."

विठ्ठलराव म्हणाले, "बरं! पन भाषण तं करू द्यान का मले?"

रिकाम्या पेटीशेजारी उभं राहून ते माशांवर चाळीस मिनिटं बोलले. टाळ्या पडल्या.

घरी येताना अनूला म्हणायचं होतं ते संस्कृतातही आठवेना.

२८ जानेवारी

पेपर आला. "उत्साहात पार पडला."

२९ जानेवारी

खुलासा पाठवला. "मासे सोडण्यात आलेले नाहीत. पाणी तयार नसल्याचा निर्वाळा शाळेच्या विज्ञानशिक्षिकेने दिला व तो बरोबर होता. चूक वार्ताहराची." एकवीस वर्षांतला पहिला. लिहिताना वाईट वाटेल असं वाटलं होतं. उलट अक्षर नेहमीपेक्षा बरं आलं.

१ फेब्रुवारी

बरण्यांतलं पाणी दिवसाआड बदलावं लागतं. राखलेला समुद्र संपत आला. विठ्ठलरावांना कुठून कळलं कोण जाणे. दुपारी त्यांचा गडी तारेची नक्कल दाखवून गेला. मुंबईला तार — "समुद्र ताबडतोब पाठवा." खाली त्यांची सही. आता घाटंजीहून असा हुकूम सुटू लागला आहे!

४ फेब्रुवारी

चार बुधले आले. तोच कंडक्टर. "आता पास काढून घ्या जी समुद्राचा."

८ फेब्रुवारी

गुलाबी फिकट. खालच्या काचेवर तपकिरी थर धरलाय. हेडमास्तरांनी मारोतरावला तो राखेने घासायला सांगितलं. मारोतराव पेटीसमोर आडवा उभा राहिला — "मॅडमनं सांगतलं का घासतो. नाही तं नाही!" अनू त्याला दोन्ही औषधं वापरायला शिकवते आहे. शिपायाला कशाला, म्हटलं. म्हणे, "त्याला आवड आहे."

१३ फेब्रुवारी, मंगळवार

पहिली नळी स्वच्छ. दुसरी नळी स्वच्छ. अनूने तीन दिवस कोणालाही न सांगता पाहिली, आणि मग आज सांगितलं. या मुलीची वार्ताहर व्हायची लायकी नाही!

फुलसिंगांना बोलावणं गेलं. काचेला नाक. मग ओरडले, "हे पाहा! हे पाहा महाराज!" तपकिरी थरावर पांढरे ठिपके. खसखशीहून बारीक. आणि चालत होते! वाळूबरोबर समुद्रातून आलेले, आता इथे पोरंबाळं करून राहिलेले.

"आता सोडा," फुलसिंग म्हणाले.

हार नाही, मांडव नाही. अनूने एकेक बरणी तिरपी केली. पाचही मासे क्षणभर थांबले. मग एक निघाला, काचेच्या कडेने पार टोकाला गेला, वळला. पाठोपाठ चार. एकोणीस दिवस लोणच्याच्या बरण्यांत काढलेल्यांना लांबी म्हणजे काय ते कळत होतं.

सातवीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पलीकडचा काठ कुठी हाय?" अनू म्हणाली, "नाही. पलीकडे काठ नाही. पाणीच."

मी खिडकीकडे तोंड केलं. धूळ फार आहे त्या खोलीत.

२० फेब्रुवारी

पाचही जिवंत. सर्वांत मोठा माझ्याकडे विठ्ठलरावांसारखा पाहतो.

संस्थेची बैठक झाली. अनूची नेमणूक कायम. विठ्ठलराव स्वतः घरी येऊन सांगून गेले. "शास्त्रीजी, तुमची पोरगी लय हट्टी हाय. शाळेले अशीच पाह्यजे." हट्ट कोणाकडून आला, यावर सौ.चं आणि माझं संध्याकाळभर एकमत झालं नाही. दोघांनाही श्रेय हवं होतं.

२५ मार्च

ऊन वाढलं. पेटीतलं पाणी उडतं आणि उरलेलं जास्त खारट होतं. दुधाची नळी सत्तावीसवर. मारोतराव गोडं पाणी मोजून घालतो, तेही अनू नसताना. मासे पाच.

४ मे

सुट्टी लागली तरी मारोतराव रोज दोन्ही औषधं घालून पाहतो, वहीत लिहितो. अनू त्याची वही तपासते. एवढी कशाची घाई या दोघांना?

९ जून, शनिवार

मुंबईच्या सरांनी अनूला समुद्री माशांच्या संशोधनावर बोलावलं आहे. पत्र आलं ३ मार्चला. सौ.ला माहीत होतं. मारोतरावला माहीत होतं. फुलसिंगांनी तर तांड्यावर गूळ वाटला. तालुक्यातली सर्वांत मोठी बातमी वार्ताहराला सर्वांत शेवटी!

विचारलं, मला का नाही सांगितलंस? अनू म्हणाली, "रोज पाहत होते, नाना. तुमचं अजून गुलाबी होतं."

म्हटलं, आता बघ.

बराच वेळ पाहिलं तिने.

सोमवारची गाडी आहे. बातमी लिहून झाली — "कु. अनसूया मुंबईस रवाना झाल्या." गाडी सुटेपर्यंत टपालात टाकणार नाही.