बंद बसचा थांबा

प्रिय जाऊबाई,

फोनवर तुम्ही मला एक वाक्य धड पुरं करू देत नाही. मी तोंड उघडलं की तुमचं 'मी सांगितलं होतं' सुरू. म्हणून कागद घेतलाय, त्याला मध्येच तोडता येत नाही. अक्षर बघून नाक मुरडू नका. माझी शाळा किती झाली ते तुम्हाला ठाऊक आहे.

सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा तुम्ही दारात उभ्या राहून म्हणालात, तिथं ना माणूस ना काणूस, गाडीशिवाय पान हलत नाही, रडत परत येशील, तुझ्या खोलीला मी कुलूप घालून ठेवते. तेव्हा मी उत्तर दिलं नाही, कारण कपाटाचं एक टोक माझ्या हातात होतं. आज देते.

आधी खरं ते लिहिते, एकदाच. तुमचं बरोबर होतं. इथं सगळी घरं एका साच्यातून काढल्यासारखी, फाटकं बंद, खिडक्या बंद. सकाळी एकेक गाडी बाहेर पडते, संध्याकाळी एकेक आत शिरते, मधे रस्ता असा पडलेला की कुणी गेलंय बिलंय की काय वाटावं. दुकान लांब, आणि पायी कुणी जातच नाही. मी पिशवी घेऊन निघाले की कुत्री भुंकायची. चालणारा माणूस त्यांनी बघितलेलाच नसावा. एक बाई तर गाडी थांबवून काच खाली करून विचारते कशी, चुकलात का? म्हटलं, बाई, मला पाय आहेत, ते वापरतेय.

आणि घरात काय? ह्यांची रात्रपाळी. गोदामाची व्हॅन संध्याकाळी नेते, सकाळी सोडते, मग दिवसभर हे झोपलेले. खोल्या दोन, मधली भिंत पापडासारखी. आपल्या स्वयंपाकघरात मी कशी वावरायचे ते तुम्ही बघितलंय, भांडं आपटल्याशिवाय माझी भाजी शिजत नाही. इथं मी मांजरासारखी. झाकण पडलं की हे दचकून उठायचे, 'काही नाही, काही नाही' म्हणून कूस बदलायचे. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते. पण जन्मभर उभ्यानं पहारा केलेल्या माणसाला ह्या नोकरीत पहिल्यांदा बसायला खुर्ची मिळालीय, डोक्यावर पंखा आहे. ती सोडा असं कुठल्या तोंडानं म्हणू? हे मात्र म्हणाले, घरमालकाला महिनाअखेर सांगायचंय, राहायचं की सोडायचं, तू म्हणशील तसं. झालं. धोंडा माझ्या गळ्यात.

तेव्हा घरात बसवेना म्हणून मी मटार घेऊन बाहेर पडले. कोपऱ्यावर बसचा थांबा होता. वर पत्रा, खाली चांगला लांब बाक. बस आली तर बघू कुठं जाते, नाही आली तर मटार तरी सोलून होतील. बस आली नाही. दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं सांगितलं, ती कधीचीच बंद झालीय, सगळ्यांकडे गाड्या आल्या, बसमधे कुणी बसेना. बस गेली म्हणून बाक थोडाच गेला? मी रोज जाऊ लागले. तिथं शेंगा फोडल्या तरी कुणाची झोप मोडत नव्हती.

समोरच्या घरातली एक म्हातारी पडद्याआडून बघायची. पूर्वी कचेरीत टाइपिंग करायची, हे मला नंतर कळलं. एक दिवस ती इस्त्रीची साडी नेसून, पर्स घेऊन, केस चापूनचोपून बसवून आली आणि बाकावर माझ्याशेजारी बसली. मला वाटलं, आली बिचारी गप्पांना. मी बोलत सुटले. तुमच्याविषयीही बोलले, काय ते विचारू नका. ती मान हलवायची आणि सारखी रस्त्याकडे बघायची. अर्धी टोपली सोलून झाली तेव्हा म्हणाली, आज बसला फारच उशीर झाला. मी म्हटलं, बस कसली, ती केव्हाच बंद झाली.

"मग तुम्ही रोज कुणाची वाट बघता?"

"कुणाची नाही. मटार सोलते."

मी रोज बसते म्हणजे बस पुन्हा सुरू झाली, अशी तिची समजूत. ती अशी हसायला लागली की पदरानं डोळे पुसले तरी हसू थांबेना. शेवटी पर्स बाजूला ठेवली आणि टोपलीत हात घातला.

तिच्यासारखी चूक आणखी दोघांनी केली. आम्हा दोघींना बघून बस लागली असं समजून एक न्हावी आला. दुकान बंद करून लेकाकडे राहायला आलेला. लेकाच्या गाडीत सगळ्यांना जागा, ह्याला तेवढी नाही. मग छातीशी पोर घेऊन एक बाळंतीण आली, ती तर आठवडाभर नवऱ्याशिवाय कुणाशी बोलली नव्हती. सगळ्यांना मीच सांगितलं, बस येत नाही, बसायचं तर बसा, पण रिकाम्या हातानं बसायचं नाही. नुसतं बसलं की माणूस दुखणी सांगत बसतो. म्हातारी सगळ्यांचे उसवलेले कपडे शिवून देऊ लागली. न्हाव्यानं कात्री आणली. फाटकाआडचे म्हातारे एकेक करून केस कापायला यायला लागले. इतके म्हातारे ह्या रस्त्यावर राहतात हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

आता खरी मजा ऐका. पाळीची माणसं कारखान्यात पोचवून एक रिकामी बस रोज आमच्यासमोरून आगाराकडे जायची. त्या ड्रायव्हरला वाटलं, ही माणसं रोज ताटकळतात आणि बिचाऱ्यांना कुणी सांगितलंच नाही की बस बंद आहे. एक दिवस त्यानं करकचून ब्रेक लावला, दार उघडलं आणि म्हणाला, चला, कुठं जायचंय? जाऊबाई, आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. जायचं कुठं हे कुणाच्या मनातच नव्हतं. मी म्हटलं, विचार आत बसून करू, चढा. मटारांसकट चढलो. एका आजोबांची हजामत अर्धीच झालेली, गळ्यात चादर तशीच, तेही चढले. बाजारात उतरलो. त्या आजोबांनी अर्ध्या डोक्यानं सगळा बाजार हिंडून पेरू घेतले, आणि न्हावी मागून कात्री घेऊन.

आम्हाला नेलं म्हणून ड्रायव्हरला आगारात जाब विचारला. मग एक साहेब आमचा थांबा बघायला आला आणि म्हणाला, ह्या भागात प्रवासी नाहीत. मी त्याला बाकावरची माणसं दाखवली आणि विचारलं, ही काय उन्हात वाळत घातलीत? त्यानं डोकी मोजून वहीत लिहिली. आता आठवड्यातून दोनदा बस थांबते. ड्रायव्हर कुरकुरतो, की थांब्यावर एवढी माणसं आणि चढतात निम्मीच. त्याला सांगितलंय, बाकीची बसायला आलीत.

तर घरमालकाला काल मी सांगून टाकलं, आम्ही राहतोय. हे कामावर जाताना गुणगुणत गेले. आणि हे पत्र कशाला, ते आता लिहिते. भाऊजींनी ह्यांना फोन केला होता. म्हणाले, तुझी वहिनी कुठं जात नाही, येत नाही, आणि रोज त्या खोलीचं कुलूप काढून, झाडून, पुन्हा लावते. चांगला भाडेकरू आला होता, त्यालाही नको म्हणाली. जाऊबाई, मी रडत परत येणार नाही. खोली भाड्यानं द्या आणि तुम्ही इकडं या, चार दिवस नाही, चांगल्या महिनाभर. इथं माझं कुणावाचून अडत नाही. फक्त ही सगळी फार गोड माणसं आहेत, मी टाकून बोलले की हसतात. तुमच्यासारखं भांडायला ह्यांच्यातल्या एकालाही येत नाही.

तुमचीच,
धाकटी