हाताला सापडेल अशी फळी

बाबा, आज बाथरूमच्या फळ्यांवरून मी आणि माझी लेक चांगल्याच भांडलो. सक्करदऱ्याचा आमचा फ्लॅट जुना झाला, बाथरूमच्या टाइल्स निघायला लागल्या, तेव्हा सगळं काम तिने स्वतःच्या अंगावर घेतलं. घरात आता आम्ही दोघीच. तिला भिंतीतून नुसत्याच बाहेर आल्यासारख्या तीन लाकडी फळ्या हव्यात, एक वर, एक खाली, एक कोपऱ्यात. त्यांवर मनीप्लांट, हॉटेलात असतात तशा टॉवेलांच्या गुंडाळ्या आणि शाम्पू, तेल, हँडवॉश सगळं एकसारख्या पांढऱ्या बाटल्यांत. मला हवी आहे एकच कडप्प्याची फळी, छातीच्या उंचीवर, पुढे बोटभर काठ असलेली, आणि वस्तू जिथल्या तिथे. लाकूड वाफेने फुगतं, असं मी म्हटलं. ती म्हणाली, त्याला वेगळं पॉलिश असतं. पानं साबणात गळतील म्हटलं, तर म्हणे प्लास्टिकचं झाड ठेवू. शेवटी तिने हातातली पेन्सिल खाली ठेवली. "आई, तू काहून जिद्द करून राहिली? खरं कारण सांग ना."

खरं कारण मी सांगितलं नाही, ते तुम्हाला सांगते. तीन आठवड्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला काचबिंदू सांगितला, तुम्हाला होता तोच. खाण तशी माती. लवकर सापडला म्हणाले, रोज थेंब घातले तर आहे तेवढी नजर टिकेल. आणि हा घराण्यातून येतो, मुलीचेही डोळे लगेच तपासून घ्या, असंही म्हणाले. मी शहाण्यासारखी मान हलवली, घरी आले आणि थेंबांची बाटली फ्रिजच्या दारात लोणच्याच्या बरणीमागे ठेवून दिली. लेकीला अजून एक अक्षर बोललेले नाही. रोज ठरवते आणि रोज भाजीला काय करायचं यावर बोलून मोकळी होते.

तुमची न्हाणी मला अजून पाठ आहे. डावीकडून आधी दंतमंजनाचा डबा, मग अंगाचा साबण, मग दाढीचा ब्रश आणि वाटी, मग खोबरेल तेलाची बाटली, शेवटी कंगवा. कंगवा चार बोटं सरकला तरी तुमचा आवाज आतून यायचा, "कोणं हलवलं वं हे?" आई म्हणायची, माणूस दिवसभर दुकानात कापडाचे तागे लावतो, घरीही तेच करतो. गांधीबागेतल्या ठोक कापडाच्या दुकानात तुम्ही गादीवर बसून कापड दाखवायचात. काठ दोन बोटांत चोळून सूत कसलं ते सांगायचात आणि बाहेरगावचे व्यापारी माना डोलवायचे. आम्हा पोरींना तुमच्या बोटांचं फार कौतुक होतं. डोळे कामातून जात होते म्हणून बोटांवर भार वाढला होता, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

मग मला कळमेश्वरला एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी लागली आणि पहिल्या पगारात मी काय आणावं, तर न्हाणीसाठी तीन मजली गुलाबी प्लास्टिकचा रॅक. मावशीने नाक मुरडलं, पहिल्या पगाराची साडी आणतात, ही मोरीचं सामान आणते. पण मला हौस. खिळे ठोकून घेतले, जुन्या फळीवरचं सगळं उचललं आणि उंचीप्रमाणे, रंगाप्रमाणे मासिकातल्या चित्रासारखं लावलं. दंतमंजनाच्या जागी नवी पेस्ट आणली आणि ती दाढीच्या क्रीमशेजारी एकाच ग्लासात उभी केली. दोन्ही ट्यूब निळ्या, फार शोभून दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीबाहेर माझ्या नंबरची वाट बघत उभी आहे. दार अर्धवट लोटलेलं. तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभे, दोन्ही तळहात रॅकवर हळूहळू फिरवत आहात. एक बाटली उचलता, नाकाशी नेता, ठेवता. दुसरी उचलता. मग एक ट्यूब ब्रशवर पिळता, ब्रश तोंडात घालता आणि थुंकता. खिडकीतून लख्ख ऊन आत येत होतं. तेवढ्यात तेलाची बाटली तुमच्या कोपराने खाली आली. तुम्ही बाहेर आलात ते ओठांना फेस घेऊनच. "न्हाणी काय शोकेस हाय का वं? तुले कोणं सांगतलं होतं हात लावाले?" मी पण तुमचीच पोर. म्हणाले, तुमच्यासाठीच आणलं, तुम्हाला कशाचं कौतुक म्हणून नाही. बोलताना मी तुमच्याकडे बघत होते आणि तुम्ही माझ्या कानाच्या जरा बाजूला बघत होतात. तेव्हा मला कळलं.

संध्याकाळी तुम्ही यायच्या आत मी रॅक काढला. सगळं जुन्या फळीवर परत लावलं, आधी दंतमंजन, मग साबण, कंगवा शेवटी, बोटं मोजून. तुम्ही हातपाय धुवायला गेलात, फळीवरून हात फिरवलात आणि बराच वेळ तो तिथेच राहिला. कोणी काही विचारलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा आपल्या घराचा कायदाच होता. पुढे दोन वर्षांनी तुम्ही एका गिऱ्हाइकाला जांभळ्याऐवजी काळा तागा फाडून दिलात, मालकांनी तुम्हाला घरी पाठवलं, आणि मग दवाखाना झाला. दोनेक वर्षं आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर बोलले. आईने मला विचारलं, "तुले कधी काही दिसलं नाही काय वं?" मी नाही म्हटलं.

स्वतःला मी सांगत आले की तुमचा मान राखला. तेवढंच नव्हतं, बाबा. रॅक काढला त्याच आठवड्यात अमरावतीचे पाहुणे मला बघायला यायचे होते. मुलीच्या बापाचे डोळे चालले, घराण्यातलं दुखणं आहे, अशी बातमी फुटली असती तर कोण आलं असतं? म्हणून मी गप्प बसले. पाहुण्यांनी मला उंची कमी म्हणून नाकारलं. तुमची नजर मी त्यांच्यासाठी घालवली आणि ते चहा-पोहे खाऊन गेले. त्याची लाज मला अजून वाटते.

इथवर लिहिलं आणि कागद तसाच ठेवून उठले. लेक खाली मान घालून फळ्यांचं चित्र काढत होती. तिच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं, काचबिंदू, थेंब, तिची तपासणी, सगळं एका दमात. ती दचकली नाही. म्हणाली, "मले माहीत हाय आई. बाटली मी पहिल्याच दिवशी पाहिली, नाव मोबाइलवर शोधलं. तू स्वतःहून सांगशील म्हणून थांबली होती." मला राग आला, मग रडू आलं. तीन आठवडे ही पोरगी माझ्यासमोर चित्रं धरून काहून, काहून विचारत होती, आणि मी तिला लाकूड फुगतं म्हणून सांगत होते. सोमवारी आम्ही दोघी दवाखान्यात जाणार आहोत. फळीचं नंतर बघू म्हणाली.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून आणखी एक लिहून ठेवते. त्या संध्याकाळी हात पुसून तुम्ही मला चहा मांडायला सांगितलात आणि एरवीसारखे बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसला नाहीत. स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिलात, चहा उकळेपर्यंत, गाळेपर्यंत. मी कप तुमच्या हातात दिला, बोटं नीट बसली का तेवढं बघितलं आणि काही काम असल्यासारखी आत निघून गेले. मी काहीतरी विचारावं म्हणून तुम्ही उभे होतात. ते मला तेव्हाही कळलं होतं.