दहावी ‘ब’ काय ऐकते?

सो. ११ जाने. १९७१

संस्थेचं फर्मान आलं. दहावीच्या दोन्ही तुकड्यांचं इंग्रजी तपासायचं, तेही दोन परींनी. वाचून किती कळतं ते एक, नुसतं ऐकून किती कळतं ते दुसरं. जमेल त्यांनी पुढल्या वर्षी अकरावीला वरचं इंग्रजी घ्यायचं, बाकीच्यांनी खालचं. वाचनाचा पेपर सायक्लोस्टाइल करून वाटायचा. ऐकण्याचा उतारा शिक्षकाने दोनदा मोठ्याने वाचायचा, मग त्यावरचं एकेक वाक्य सांगायचं. पोरांनी फक्त ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ लिहायचं.

हेडसर म्हणाले, आपल्या वर्गावर आपण वाचायचं नाही. म्हणजे माझ्या ‘अ’वर थोरात आणि थोरातांच्या ‘ब’वर मी. हेडसरांचा कुणावर विश्वास नाही. माझाही नाही. एवढ्या एका बाबतीत आमचं पटतं.

थोरात कर्जतकडचे, तात्पुरते. मार्चमध्ये कायम करायचं की नारळ द्यायचा, ते ‘ब’च्या इंग्रजीवरून ठरणार असं हेडसरांनी त्यांना तोंडावर सांगितलंय. त्यांचं लग्न ठरलंय, मुलीकडचे त्यासाठीच थांबलेत. माणूस गरीब दिसतो. दिसतो, असं म्हणते मी.

बु. १३ जाने.

परीक्षा झाली. ‘ब’वर मी लंडनच्या धुक्याचा उतारा वाचला. त्या वाड्यावस्त्यांवरच्या पोरांना धुकं ठाऊक, लंडन कुठलं ठाऊक असायला. इतिहासाला मीच असते त्यांना, कुणाच्या डोक्यात काय आहे ते चांगलं माहीत आहे. आणि काय सांगू, मान वर करून एकटक ऐकत होती. चुळबूळ नाही की खोकला नाही. ‘अ’वाले माझ्या तासाला इतके कधी शांत बसत नाहीत.

तेव्हाच मनात आलं, हे काही खरं नाही.

गु. १४ जाने. संक्रांत.

हळदीकुंकू आटोपून पेपर तपासले. ‘ब’चं वाचन: दिवे. अर्ध्या पोरांनी प्रश्नच उत्तर म्हणून उतरवून काढलेत. ऐकण्यात मात्र बहुतेकांचं सगळं बरोबर. ‘अ’चं नेमकं उलटं. वाचन छान, ऐकण्यात आपटले.

ज्याला समोर छापलेलं वाक्य कळत नाही त्याला तेच वाऱ्यावरून कळतं? पाणी कुठंतरी मुरतंय. उतारा माझ्याकडे होता, थोरातांकडे होता आणि हेडसरांच्या कपाटात. सकाळी थोरातांना तिळगूळ दिला होता. दोन्ही हात पुढे करून घेतला, खाली वाकून. इतकं वाकायचं काय कारण होतं?

श. १६ जाने.

हेडसरांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, “मला वाटलंच होतं.” त्यांना नेहमीच वाटलेलं असतं. ठरलं असं की मी घरी नवा उतारा लिहायचा, कुणाला दाखवायचा नाही आणि सोमवारी ‘ब’वर पुन्हा वाचायचा.

सर्कशीतल्या अस्वलावर लिहिला. तांदळाच्या डब्यात ठेवला. ह्यांनी विचारलं, काय लपवतेस? म्हटलं, काही नाही. पाटबंधाऱ्याचं ऑफिस सुटलं की हे थोरातांबरोबर पत्ते कुटायला बसतात, ते मी विसरलेले नाही.

सो. १८ जाने.

अस्वलालाही बहुतेकांचं सगळं बरोबर.

डोकं बधिर झालं. घरी येऊन तांदळाचा डबा पाहिला. झाकण सरळ लावलेलं. मी नेहमी सरळच लावते का? आठवेना. रात्री ह्यांना सरळ विचारलं, तुम्ही थोरातांना काही बोललात का? हे जेवता जेवता थांबले. म्हणाले, “आता माझ्यावर पण?” पुढे एक अक्षर नाही. ताक न घेताच उठले.

वाईट वाटलं. पण विचारलं नसतं तर झोप लागली नसती. विचारूनही लागली नाही, ते वेगळं.

बु. २० जाने.

आज हेडसरांनीच उतारा काढला आणि स्वतःच वाचला. पोस्टाच्या कारभारावर. कागदात नाक खुपसून, शेवटपर्यंत एकदाही वर न बघता. मी मागे उभी. ‘ब’ची पोरं पहिल्या वाक्यापासूनच कावरीबावरी. एकमेकांकडे बघतात, छताकडे बघतात, मागे वळून माझ्याकडेसुद्धा दोनदा पाहिलं. पेपर तपासले तर सगळा आनंद. नुसतं ‘बरोबर बरोबर’ लिहून मोकळे झालेत.

म्हणजे उतारा हेडसरांच्या खिशात राहिला तेव्हा पोरं नापास. आणखी काय पुरावा हवा? हेडसरांनी संस्थेला लगेच लिहिलं की थोरातांनी पेपर फोडला. मला विचारलं, तुम्हालाही असंच वाटतं ना? मी हो म्हटलं. अगदी ठामपणे म्हटलं. खरं सांगायचं तर बरंही वाटलं, आठवडाभर डोक्यात किडा वळवळत होता तो गेला.

शु. २२ जाने.

थोरातांना कळलंय. शिक्षकांच्या खोलीतून खडूचा डबा घेऊन तासावर गेले. माझ्याकडे पाहिलंही नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

मं. २६ जाने.

झेंडावंदन झालं, पोरं चिवड्यासाठी थांबली होती. दहावी ‘ब’मधून हसण्याचा गलका आला म्हणून गेले. दार अर्धं उघडं. आत कौसल्या, ती उंच मुलगी, वस्तीवरून भावाच्या सायकलवर मागे बसून येते ती, टेबलापाशी उभी. ओढणीचा पदर केलेला. नाकावर सुतळीचा चष्मा. माझी नक्कल चालली होती.

मी रागाने आत शिरणारच होते. पण ती इंग्रजी बोलायला लागली. इंग्रजी कसलं, नुसती गिटपिट, एक शब्द खरा नाही. एक वाक्य गिटपिटून झालं की सुतळीच्या चष्म्यावरून वर बघायची, आणि सगळा वर्ग ओरडायचा, “बरोबर.” दुसरं गिटपिटायची, आणि पदर कमरेला खोचायची. सगळा वर्ग, “चूक.” एकही पोर चुकत नव्हतं.

दारातच उभी राहिले. माझा हात कमरेपाशी होता. पदर खोचत होते.

बु. २७ जाने.

इतिहासाचा तास संपला की शेवटी मी ‘बरोबर की चूक’ विचारते, वर्षभर विचारते आहे. तिथंच शिकली पोरं. खोटं वाक्य सांगताना माझा हात पदराकडे जातो. का जातो, देव जाणे. खोटं बोलायच्या आधी कंबर कसते की काय मी.

कौसल्येला बोलावलं. वाटलं होतं रडेल. कसलं काय. म्हणाली, “ह्यात काय चुकलं, बाई? आमी कापी न्हाई केली. तुमीच म्हनता ना, पाटीकडं नको, माज्याकडं बघा.”

इंग्रजी उतारा कळत होता का, विचारलं. “न्हाई. पर तुमी कळता.” मग समजावल्यासारखं म्हणाली, “बैल बसनार का चालनार ते त्याच्या कानावरनं दिसतं की. तसंच.”

बैल तर बैल.

गु. २८ जाने.

हेडसरांना सगळं सांगितलं. उठून पदर खोचून दाखवला. त्यांनी तोंडातली सुपारी चघळायची थांबवली. मग म्हणाले, “बाई, पेपर फुटला असं आपण दोघांनी कळवलंय. आता तुमचा पदर फुटला असं कळवू?” संस्थेचे साहेब पुढच्या शुक्रवारी येणार, स्वतःचा उतारा बंद पाकिटात आणणार. ‘ब’ पास झाली तर थोरात निर्दोष. नापास झाली तर चोरी सिद्ध. तोवर गप्प बसायचं.

आणि वाचणार कोण? मीच. माझे उच्चार स्वच्छ आहेत म्हणे.

श. ३० जाने.

थोरातांना गाठलं. शाळा सुटल्यावर, विहिरीच्या बाजूला, चार माणसं बघतील अशा जागी. माफी मागितली. पोरांची युक्तीही सांगितली. म्हटलं, साहेबांना मी सगळं उघड सांगते, तुमच्यावरचा डाग जाईल.

ते म्हणाले, “म्हणजे पोरांना इंग्रजी येत न्हाई, एवढंच ना?” बोलता बोलता गावची बोली आली त्यांच्या तोंडात, एरवी फार जपतात. “बाई, पेपर फोडला म्हनतात ना, म्हनू द्या. आई हसंल. तिला ठावं हाय मी कसा हाय. पर दोन वर्सं शिकवलं आन् पोरांना एक वाक्य कळंना, हे नका सांगू. हे तिला खरं वाटंल.”

मला रडू आलं. त्यांच्यासमोर नाही, घरी येऊन. मी ह्या माणसाला चोर म्हटलं, आणि त्याला त्याहून मोठी भीती दुसरीच होती. खरं सांगितलं तर शिक्षक म्हणून गेला, गप्प बसले तर चोर म्हणून. माझ्या संशयाने त्याला आडात ढकललं, आणि आता दोर टाकायचा तर तोही फासाचा.

सो. १ फेब्रु.

हे आता बोलायला लागलेत माझ्याशी. सगळं ऐकून म्हणाले, साप साप म्हणून भुई धोपटलीस. आता सोपं आहे. शुक्रवारी चष्म्यावरून बघ, पदर खोच, ‘ब’ पास, थोरात कायम, कार्याला बुंदी खाऊन येऊ.

म्हटलं, ती लबाडी झाली. हे म्हणाले, आत्तापर्यंत काय होतं? म्हटलं, तेव्हा मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे.

बु. ३ फेब्रु.

आरशासमोर वाचून पाहिलं. हात टेबलावर ठेवले तर भुवई चढते. भुवई आवरली तर आवाज बदलतो. कळल्यापासून माझं मलाच स्वस्थ उभं राहता येईना. ह्या पोरांनी आणखी काय काय टिपलंय कोण जाणे. भाजीवालीपाशी घासाघीस करतानाही हात कुठे जातो ते बघायला लागले आहे.

‘ब’चा तास रिकामा होता. थोरात आपणहून येऊन पोरांना वाचून दाखवत होते. लहान लहान वाक्यं, पुन्हा पुन्हा, पाठ वर्गाकडे करून, भिंतीकडे तोंड करून. पोरं गोंधळलेली, पुढे वाकलेली. मी खिडकीतून पाहिलं आणि निघून आले.

शु. ५ फेब्रु.

साहेब आले. उंच, खाकरत बोलणारे, चहाला नको म्हणणारे. पाकीट वर्गातच फोडलं. मधमाश्यांवरचा उतारा, फार सोपा नाही. थोरातांना बाहेर व्हरांड्यात बसवलं होतं. खुर्ची दिली होती पण ते उभेच होते.

सगळा वर्ग माझ्याकडे. मान वर, एकटक. इतके डोळे एका वेळी कुणी अंगावर घेऊ नयेत. दोन्ही हात टेबलाच्या कडेला घट्ट धरले आणि नजर कागदावरून हलवली नाही. ठरवून. वाचताना मनात थोरात येत होते, त्यांच्याशी लग्न ठरलेली ती मुलगी येत होती, जिला मी पाहिलेलीही नाही. एकदा वाटलं खोचावा. हात उचलला गेला नाही. चांगुलपणाने की भीतीने, ते मला अजूनही सांगता येत नाही. मधे एका वाक्याला माझा आवाज चढला असं वाटतं. नक्की नाही. मागे बसलेल्या साहेबांच्या लक्षात आलं असेल का?

पेपर साहेबांनी मोजून पिशवीत भरले, तपासणी नगरला होणार. चारच्या एस.टी.ने गेले. पिशवी जड होती म्हणून स्टँडपर्यंत थोरातांनी उचलून नेली.

कौसल्या वर्गात मागे राहिली होती. म्हणाली, “आज तुमी आमच्याकडं बघितलंच न्हाई. चिडला व्हय, बाई?”

नाही गं, म्हटलं. मग उत्तरं कशावरून लिहिलीस?

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच ‘ब’मध्ये बसते.

“कशावरनं लिवनार, बाई? ऐकलं.”

किती कळलं, एवढं विचारायचं होतं. मला धीर झाला नाही. भाऊ बाहेर सायकलची घंटी वाजवत होता, ती गेली.